एक प्रवेश कमी

मे संपत आला की आमच्या कॉलेजात समाजकार्य शिकवणारे आम्ही सगळे विद्यार्थी शोधायला गावोगाव फिरतो. वर्ग भरला नाही तर विभाग बंद होतो, आणि माझ्यासारख्या कंत्राटी शिक्षकांची नोकरीही त्याच्याबरोबर जाते. या वर्षी एक प्रवेश कमी पडत होता. दुसऱ्या दिवशी मुदत संपणार होती.

मला अनोळखी घरात शिरून बोलणं जमत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझं मराठी पुस्तकातून शिकलेलं. घाबरले की आणखीच. म्हणून मी शहापूरहून एसटीने मुरबाडकडच्या एका ओळखीच्या घरी गेले, माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या. तिची धाकटी बहीण नुकतीच बी.ए. झाली होती.

समोरच्या शेतात भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबाचे काळे चौकोन होते. विद्यार्थिनी ओटीवर बसली होती, गोदामातली पाळी संपवून आलेली. आमच्याकडे दोन वर्षं शिकून, एम.एस.डब्ल्यू. होऊन ती लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी बांधते. तिच्या आईने फणसाच्या उकडलेल्या आठळ्या पुढे ठेवल्या.

"आपल्या कनिष्ठ कन्येच्या उच्च शिक्षणाविषयी..." मी सुरुवात केली.

"कनिष्ठ कन्या!" विद्यार्थिनी हसली. "मॅडम, घरात बसलाव आपण. तास नाय चालू."

वडील हसले नाहीत. "मोठीला शिकवलंत ना तुमी? खोकी बांधायला दोन वर्षं शिकायला लागतं काय?"

मी उत्तरं पाठ करून आले होते. ती सोडून मी एक आठळी सालासकट तोंडात टाकली.

गृहभेटीला गेलं की तोंड उघडण्याआधी गरज कोणाची आहे ते ठरवायचं, हे मी दर वर्षी शिकवते. या विद्यार्थिनीच्या अहवालांवरही मी लाल शाईने तेच लिहायचे. आता तिने माझ्याकडे शांतपणे बघत विचारलं, "गरज कोणाची हाय, मॅडम?"

"माझी," मी म्हणाले. "ही आली नाही तर मीसुद्धा घरी बसेन. हिला नोकरी लागेल असं सांगायला आले होते. ते खरं नाही."

मग आई म्हणाली, "खा गो बाय. साल काढून खा."

"मंग मिटलंच," वडील उठले. "पोरगा बघून ठेवलाय. शिकायचं नसल तर दिवाळीनंतर उरकून टाकू."

इतका वेळ धाकटी दाराला टेकून उभी होती. "आणि शिकायचं असल तर?"

"तर काय, थांबायचं. मोठीच्या टायमाला थांबलोच ना."

ती माझ्यासमोर येऊन बसली. "फॉर्म द्या."

"नोकरी नाही लागणार," मी पुन्हा सांगितलं. ती मागे फिरेल याची मला भीती वाटत होती.

"ऐकलं मी. दोन वर्षं तर मिळतील ना?"

मोठीने तिच्या हातात पेन दिलं.

परतीच्या एसटीत विभागप्रमुखांचा फोन आला. वर्ग भरला हे ऐकून त्या खूश झाल्या. घरच्यांना कसं पटवलं, असं त्यांनी कौतुकाने विचारलं. आवाज तुटतोय असं सांगून मी फोन ठेवला आणि मांडीवरच्या फॉर्मकडे बघत बसले. तिला दोन वर्षं मिळाली होती. माझं कंत्राट एकाच वर्षाचं असतं.