देवमाशाच्या गळ्यावरच्या रेघा

समुद्रकाठच्या एका शहरासाठी देवमासा घडवायचं काम मला मिळालं, तेव्हा अब्बांना दवाखान्यातून घरी आणून थोडेच दिवस झाले होते. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला होता. पाय ओढत का होईना चालायचे, बोलणंही बरंचसं परत आलं होतं. हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा. इंदापुरात त्यांचं वेल्डिंगचं दुकान. गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळं त्या हातानं केलेलं. मी शिल्पकार झाले तीही त्याच दुकानात बसून, लोखंड वाकताना बघत बघत.

आता दुकानाला कुलूप होतं आणि अब्बा दिवसभर ओट्यावर. कुणी विचारपूस करायला आलं की म्हणायचे, "बरं हाय." पुढं काही नाही.

काम मोठं होतं. पाण्यातून उसळी घेणारी देवमाशाची मादी, तिच्या कुशीला पिल्लू, उंची दुमजली घराएवढी. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही म्हणून सगळं स्टेनलेस स्टीलमध्ये. बारामती एमआयडीसीत मी एक शेड भाड्यानं घेतली. दुधाच्या टाक्या बनवणारे दोघे कारागीर सोबतीला आले. त्यांना या पत्र्याची सवय होती. एका संध्याकाळी मी मातीचा लहान नमुना घरी नेला आणि अब्बांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो डाव्या हातानं फिरवून फिरवून बघितला.

"खवलं कुठं हायत?"

"देवमाशाला खवलं नसतात, अब्बा."

"मासा आन् खवलं न्हाईत? पळसदेवच्या बाजारात असा मासा दावशील तर हसतील लोक."

"अहो, मासा नाहीच तो. श्वास घ्यायला पाण्यावर येतो. मादी पिल्लाला दूध पाजते."

"मंग नावात मासा कशापायी?"

अब्बांनी मातीच्या पिल्लावरून अंगठा फिरवला. "दूध पाजती," ते स्वतःशीच म्हणाले, "म्हंजी म्हशीच्याच जातीची की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर अब्बा दारात उभे. शर्टाची बटणं डाव्या हातानं लावलेली, त्यातलं एक चुकून वरच्या काजात गेलेलं. "चल, तुजी म्हैस बघू."

मग ते रोज येऊ लागले. शेडच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे. आधी पाइपांचा सांगाडा उभा राहिला, मग एकेक पत्रा वाकवून त्यावर चढू लागला. शिफ्ट सुटली की आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसं मोटारसायकली थांबवून बघायची. अब्बा प्रत्येकाला म्हैस म्हणूनच सांगायचे, त्यामुळं तेच नाव पडलं. "म्हैस कुठवर आली, तात्या?" असं अब्बांना विचारून लोक पुढं जायचे. पण मी एखादा पत्रा धरायला किंवा वाकवायला घेतला की ते मान वळवून रस्त्याकडे बघत बसायचे. ते मला दिसायचं.

देवमाशाच्या गळ्यापासून पोटापर्यंत लांबच लांब घड्या असतात. त्या पत्र्यावर आधी खडूनं आखून घ्यायच्या होत्या. मी खडू उचलला, मग परत वळले आणि तो अब्बांच्या डाव्या हातात दिला.

"मी?" ते म्हणाले. "ह्या हातानं सही येत न्हाय मला."

"सही नकोय. रेघ हवीय."

ते उठले. मी पाठीमागं उभी राहिले, पण हात लावला नाही. पहिली रेघ निम्म्यावर गेली आणि खाली घसरली. दुसरी थरथरत का होईना, शेवटपर्यंत गेली. तिसरीला त्यांनी मनगट सोडून खांद्यातून हात फिरवला आणि रेघ अशी लवली, जसा पाण्याचा पाट वळणावर लवतो. कारागीर "वा तात्या" म्हणाले. मीही म्हणाले, "छान झाल्यात सगळ्या."

अब्बांनी खडू खाली टाकला.

"सगळ्या? ही पयली बी?" त्यांचा आवाज चढला होता. "दुकानात असं आखलं असतंस तर मी पुसाय लावलं असतं तुला. आजारी माणसाची समजूत काढतीस व्हय?"

मी फडकं घेतलं, पत्र्याजवळ गेले आणि पहिली रेघ पुसली. मग दुसरी नीट बघितली.

"हिचं टोक वाकडं गेलंय," मी म्हणाले. "शेवट परत आखा. तिसरी चालेल."

"आता कसं!" अब्बा म्हणाले आणि हसले. दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी खडू मागितला.

गळ्याच्या सगळ्या घड्या त्यांनी आखल्या. किती पुसल्या त्याला हिशेब नाही. आमची भांडणं व्हायची, जेवणाचे डबे उघडे राहायचे. पुढं डाव्या हातात बळ आल्यावर ते हातोडीही धरू लागले. पिल्लाची शेपटी ठोकताना एकदा त्यांनी उजवा हात डाव्यानं उचलून पत्र्यावर ठेवला, पत्रा हलू नये म्हणून. वजन म्हणून का होईना, त्या हाताला उपयोग सापडला.

तयार झाल्यावर तुकडे ट्रेलरवर चढवून घाटातून खाली नेले. समुद्रकाठच्या कट्ट्यावर क्रेननं जोडणी चालली होती. शेपटीचा जोड बसेना, दिवसभर घासून घासून बसवावा लागला. अब्बा टोपी डोळ्यांवर ओढून "जरा डावीकडं, जरा डावीकडं" म्हणत क्रेनवाल्याला हात करत होते. शेवटचा जोड बसला तेव्हा कट्ट्यावरची माणसं थांबून बघत होती. एका लहान मुलीनं पिल्लाच्या पोटाला गाल टेकवला आणि "गरम आहे" म्हणाली. दिवसभराचं ऊन पत्र्यात मुरलं होतं.

अब्बांनी समुद्र तेव्हाच पहिल्यांदा बघितला. मी विचारलं, कसा वाटला?

"उजनीच्या धरणावाणीच की. पल्याडचं गाव दिसत न्हाय, एवढंच."

मग पाय धुवायचे म्हणाले. मी त्यांची विजार घोट्यांच्या वर दुमडली आणि दोन्ही दंड धरून त्यांना पाण्याच्या कडेला नेलं. लाट आली, परत फिरली, आणि पावलांखालची वाळू ओढून घेऊन गेली.

"आगं, जमीन चालली की!" ते ओरडले. "धर, धर मला."

मी घट्ट धरलं. दुसरी लाट येताना दिसत होती. मागं जायचं का, मी विचारलं. ते म्हणाले, "न्हाय, थांब. येऊ दे."