पाचवा टाक

आमच्या देव्हाऱ्यात पाच टाक होते. हे टाक म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसाची, चांदीच्या छोट्याशा पत्र्यावर उठवलेली आकृती. अकाली गेलेल्यांच्या या टाकांना आमच्याकडे वीर म्हणतात. धुळवडीला नाना, म्हणजे माझे वडील, ते लाल कापडात घेऊन पंचवटीतून रामकुंडावर न्यायचे, हलगीच्या तालावर. एरवी झेंडू तोडून तोडून कंबर धरून बसणारा हा माणूस त्या दिवशी असा नाचायचा की बघणारे बाजूला व्हायचे.

नव्वदच्या दशकात कधीतरी घराण्याची वंशावळ लिहायचं माझ्या डोक्यात आलं. सुरुवात घरातल्या सगळ्यात जुन्या माणसापासून करायची, एवढी अक्कल होती. नानांसमोर टाक मांडले आणि विचारलं, यातलं कोण कोण?

चौघांबद्दल नाना रंगात येऊन बोलले. खापरपणजोबा बिबट्याशी झुंजताना गेले. (दर वेळी सांगताना बिबट्या थोडा वाढायचा, ते सोडा.) एकजण विहीर खोदताना गेला, दोघे पटकीत. मी पाचव्यावर बोट ठेवलं. तो इतरांपेक्षा लहान आणि पातळ होता.

"तो आपलाच हाय," नाना म्हणाले आणि मळ्याला पाणी द्यायला निघून गेले. आई भाकरी थापत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

मला राग आला. माहीत नसेल तर नाही म्हणावं ना माणसाने! हा कुणीतरी फारच जुना पूर्वज असणार असं मी ठरवलं आणि वंशावळीत खापरपणजोबांच्याही वर त्याच्यासाठी जागा सोडली.

आजोबा मूळचे नामपूरचे. भावापासून वेगळे होऊन नाशकात आले तेव्हा नामपूरच्या टाकांसारखेच टाक घडवून त्यांनी सोबत आणले होते. म्हणून मी नामपूरला चुलत्यांकडे गेले. काकांनी देव्हारा दाखवला आणि आमच्याकडे पाच टाक आहेत म्हटल्यावर तेच चकित झाले.

"आमना देव्हारामा चारच शेतस. पाचवा कथाईन उना?"

त्यांच्याकडे चारच होते; पाचवा आला कुठून, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे पाचवा माणूस आजोबा इकडे आल्यानंतर, नाशकातच गेला होता. परतताना एस.टी.त मी स्वतःवर भलतीच खूश होते. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधीच दोघांना माझा शोध ऐकवला.

आई उठून देव्हाऱ्यापाशी जाऊन बसली.

"तुझ्या आधीचा," नाना म्हणाले. "चार वर्षांचा होता. तापात गेला. तवा तू पोटात. हिचं लय हाल झालं, म्हणून घरात त्याचं नाव काढायचं नाय असं ठरवलं."

मग खाली बघत म्हणाले, "बाकीच्यांना मी नाचवतो. त्याला खेळवतो."

मला रडू आवरेना. भाऊ नाही म्हणून लहानपणी मी राखीपौर्णिमेला तोंड पाडून बसायचे. नाना म्हणायचे, देवाला बांध. राखी माझ्या हातातून घेऊन ते स्वतः देव्हाऱ्यात ठेवायचे. कोणापुढे ठेवतात हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वंशावळीतली वरची जागा खोडली. त्याची जागा माझ्या शेजारी होती. लिहायला म्हणून आईला नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि मग भाकऱ्या करता करता तेच नाव पुन्हा पुन्हा घेत राहिली. ते मी इथे लिहीत नाही.

पुढे काही वर्षांनी नाना गेले. त्यांच्या वर्षश्राद्धानंतरच्या धुळवडीला वीर न्यायला नामपूरहून काका आले. आमच्या घरात बायका वीर नेत नाहीत. काकांनी चार टाक कापडात घेतले आणि पाचव्याकडे हात नेला, तशी आई म्हणाली, "तो राहू द्या."

तिने तो उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"हलगी वाजल्यावर त्याला घरात करमायचं नाय. तू ने. बहीण हायेस त्याची."

मला नाचता येत नाही. रामकुंडापर्यंत मी त्याला खेळवत नेलं.