ओनोदेरा कोचची अकरा सेकंदं

कोच गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांत चेपलेल्या डब्यांच्या पिशव्या होत्या. जपानमधल्या त्सुकुबात आमच्या गल्लीत बुधवारी कचऱ्यातले डबे आणि बाटल्या टाकायच्या असतात, आठच्या आत. मिझुनोचा फोन आला. मिझुनो म्हणजे आमच्या बास्केटबॉल संघाचा सहायक कोच, आधी याच संघाचा खेळाडू. "जगु-सान, ओनोदेरा कोच गेले. सकाळी कुंपण छाटत होते. डोक्यातली नस फुटली. पडले तेव्हा कात्री हातातच होती." मी पिशव्या जाळीत ठेवल्या, वरून जाळी नीट ओढली, कावळे ओरबाडतात म्हणून. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. आता त्यांना सांगायला नको...

काय सांगायला नको, ते या लेखात सांगणार आहे. आधी माणूस सांगतो.

ओनोदेरा सतरा मोसम आमचे हेड कोच होते. संघ जपानच्या व्यावसायिक लीगचा, पण दुसऱ्या विभागातला; जिम त्सुकुबापासून गाडीनं तासाभरावर, भातशेतीच्या मधोमध. मी तिथं व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट. सराव आणि सामने दोन कॅमेऱ्यांवर घ्यायचे, प्रत्येक चूक कापून वेगळी काढायची, संध्याकाळच्या आत ज्याची चूक त्याच्या टॅबलेटवर पाठवायची. माझे वडील इचलकरंजीत मागावर कामाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि जपानात मास्टर्स केलेला गल्लीत एकटा. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पहिल्याच दिवशी सरावात दोन खेळाडू बास्केटखाली एकमेकांवर आदळले. कोपर तोंडावर बसल्याचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत आला. रक्त टपटप लाकडी जमिनीवर पडलं आणि एक दात घसरत माझ्या तिवईपाशी येऊन थांबला. कोचनी तो टिश्यूत उचलला, वर धरला. "मालक कोण?" एका पोरानं तोंडावर हात ठेवून दुसरा हात वर केला. "खिशात ठेव. डेंटिस्ट सहाला बंद होतो. अजून चाळीस मिनिटं आहेत." कोणीतरी रक्त पुसलं आणि सराव पुढं सुरू. ओनोदेरांचा सराव असाच असायचा. बरगड्या सुजायच्या, भुवया फाटायच्या. ते स्वतः खुर्च्या लाथाडायचे, डावपेच आखायचे बोर्ड गुडघ्यावर मोडायचे. नव्या बोर्डांची ऑर्डर माझ्याकडेच असायची. पण खेळाडूच्या अंगाला त्यांचा हात लागत नसे. कारण हातांत टॉवेल असायचा, पातळ, पांढरा, निळ्या काठाचा. सराव सुरू झाला की त्याचं एक टोक एका मुठीला गुंडाळायचं, दुसरं दुसरीला, आणि दोन तास पिळत राहायचं. बोटं पांढरी पडायची. मला वाटायचं, सवय असेल.

त्याचं कारण एकदा बसमध्ये कळलं. परगावच्या सामन्याला निघालो होतो, ते शेजारी येऊन बसले. कसा शिकलास, म्हणाले. मी माझी आवडती गोष्ट सांगितली, मुलाखतींतही सांगायचो ती. आमचे गणिताचे सर मागाच्या तुटलेल्या चामडी पट्ट्यानं मारायचे. पाठीवर वळ उठायचे, शर्ट चिकटायचा. त्या पट्ट्यानं मला इंजिनिअर केलं.

"किती वर्षांचा होतास?"

"नऊ."

"वडिलांना ठाऊक होतं?"

"पट्टा त्यांनीच कारखान्यातून आणून दिला होता. म्हणाले, सर, पोरगं शिकलं पाहिजे, हात आखडू नका."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग म्हणाले, "मी शाळेत कोच होतो तेव्हा रोज मारायचो. माझी पोरं आज लग्नात माइक हातात घेऊन माझे आभार मानतात. कोचच्या थपडांनी घडलो म्हणतात. सगळे टाळ्या वाजवतात." मग स्वतःचा तळवा बघत म्हणाले, "एक मुलगा मला लग्नाला बोलावत नाही. त्याचा डावा कान मी फोडला. त्याला ऐकूच येत नाही त्या बाजूनं." आणि मोकळे हात मांडीखाली घालून बसले, शाळकरी पोरासारखे. मला मनातून वाटलं, हे जरा जास्तच करतायत.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही ओळीनं सामने हरत होतो. तिसऱ्या विभागात घसरायची वेळ आली होती. मिझुनो तेव्हा बावीसचा, चेंडू पुढं नेणारा आमचा मुख्य गार्ड. चपळ आणि उद्धट. सरावात त्यानं अडवायचा आपला माणूस मोकळा सोडला, समोरच्यानं बास्केट केली, आणि मिझुनो हसला. टॉवेल जमिनीवर पडलेला मी कॅमेऱ्यातून आधी पाहिला. मग हात. पहिली थप्पड उघड्या तळव्याची, मिझुनोच्या तोंडातलं दातांचं गार्ड उडून बाकाखाली गेलं. दुसरी उलट्या हाताची. मग जर्सी धरून त्याला भिंतीवर आपटलं, आणि मूठ. ओठ फाटला. दोन-दोन मीटर उंचीचे दहा गडी उभे होते, एकाचाही पाय हलला नाही. कोच आपणच मागं सरले. मिझुनो भिंतीपासून सुटला, कमरेत वाकला, आणि रक्त गळत असताना म्हणाला, "धन्यवाद, कोच."

आणि कॅमेऱ्यामागं मी, मराठीत, माझ्याशीच म्हणालो, "बरं झालं. एकदा बसायलाच पाहिजे होती."

सराव संपला, मी कामाला बसलो. हे कुठं बाहेर गेलं तर माणूस कामातून उठणार, एवढं मला समजत होतं. मी ती अकरा सेकंदं कापली, पुढचा-मागचा तुकडा जोडला. गुरूचा हात उठला तर शिष्यानं गावभर सांगायचं नसतं, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पाचच्या सुमारास कोच खोलीत आले. "आजचं दाखव." मी दाखवलं. त्यांनी पडद्यात दिसणाऱ्या, उलट मोजणाऱ्या सरावाच्या घड्याळावर बोट ठेवलं. "इथं चार एकतीस. इथं एकदम चार वीस. मधलं कुठंय?"

"काढलं, कोच. कुणालाही दिसणार नाही." शाबासकी मिळेल म्हणून मी मान वर करून बसलो होतो.

ज्या हातानं मारलं होतं तोच हात त्यांनी लोखंडी कपाटावर घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज आला. पत्र्याला पडलेला पोचा अजून आहे. "परत आण," म्हणाले. मूळ फाईल होती. हात पोटाशी धरून त्यांनी ती अकरा सेकंदं पुन्हा पुन्हा पाहिली. मग कान पुढं केला. "हा आवाज कोणाचा? शेवटचा."

"माझा."

"काय म्हणालास?"

आणि मी खोटं बोललो. "म्हणालो... थांबा. बास करा."

कोच खुर्चीतून उठले. साठीच्या जवळ आलेला माणूस, हात सुजून काळानिळा, माझ्यापुढं कमरेत वाकला. "अख्ख्या हॉलमध्ये तुझं एकट्याचं तोंड उघडलं." मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

क्लिप त्यांनी स्वतः मालकांकडे नेली. निम्मा मोसम घरी बसले, वर्तमानपत्रांनी धुऊन काढलं. मिझुनोनं तक्रार केली नाही. कोचना सांभाळून घ्या म्हणाला, त्यांच्याइतकं बास्केटबॉल कुणालाच येत नाही. परत आल्यावर कोचनी एक प्रथा पाडली. दर मोसमाच्या पहिल्या दिवशी नव्या खेळाडूंना तीच क्लिप दाखवायची, न कापलेली, आणि पडद्याशेजारी स्वतः उभं राहायचं. "मारतोय तो मी. मार खातोय तो मिझुनो. पुतळे झालेत ते बाकीचे. आणि शेवटी आवाज येतो तो जगु-सानचा. तो थांबा म्हणाला. माझा हात पुन्हा उठला तर तुम्ही सगळ्यांनी म्हणायचं." मग नवी पोरं माझ्याकडे वळून मान झुकवायची. असं पाच वेळा झालं. पट्ट्याचा मार मी न रडता खाल्लेला आहे. त्या माना मात्र बघवत नसत, मी पायांकडे बघायचो.

वडिलांना एकदा फोनवर या प्रथेबद्दल सांगितलं. "खुळा हाय काय तुझा कोच? आपलं शेण आपणच दाखवतोय लोकांस्नी?" मागाहून म्हणाले, "तुझ्या पाठीला आता काय होत न्हाई न्हवं?" चाळीस वर्षांचा होतोय मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

मेमध्ये मोसम संपला तेव्हा कोच जिममधून निघता निघता म्हणाले, "पुढच्या वेळी क्लिप तू दाखव. माझा आवाज बसतो आजकाल." मी म्हटलं, "कोच, त्या आवाजाबद्दल एक सांगायचंय." ते बूट घालत होते. "मोठं आहे का?" मी म्हणालो, मोठं आहे. "मग ऑगस्टमध्ये सांग, निवांत." ऑगस्टमध्ये कुंपण छाटताना ते गेले.

नवा मोसम गेल्या आठवड्यात सुरू झाला. पाच नवी पोरं, घड्या न मोडलेल्या जर्सीत. मी क्लिप लावली. थप्पड, गार्ड उडालं, भिंत, मूठ, "धन्यवाद, कोच", आणि माझा आवाज. जुन्या खेळाडूंकडून पोरांनी सगळं ऐकलेलं होतं; पाच माना माझ्याकडे वळून झुकायला लागल्या. मी म्हणालो, "वाकू नका. मी थांबा म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो, बरं झालं, एकदा बसायलाच पाहिजे होती. कोचशी खोटं बोललो." पोरं अर्धवट वाकलेली तशीच राहिली. कुणाला खाली जायचं की वर यायचं, कळेना.

दाराशी मिझुनो उभा होता. या मोसमात कोचच्या जागी तोच आहे. ओठावरची पांढरी रेघ अजून दिसते. म्हणाला, "मला माहीत होतं."

"मराठी कधी शिकलास?"

"भाषा नाही आली. धन्यवाद म्हणून वर पाहिलं तेव्हा तुमचा चेहरा दिसला, जगु-सान. तुम्ही हसत होता."

"मग पाच वर्षं गप्प का बसलास?"

"कोचना त्या हॉलमध्ये एक तरी माणूस हवा होता. मी तो त्यांच्याकडून काढून घेऊ का?"

कोचचा टॉवेल माझ्या खोलीत खिळ्याला आहे. त्यांच्या पत्नीनं धुऊन, इस्त्री करून पाठवला, तरी मधोमध पिळाच्या सुरकुत्या तशाच आहेत. मिझुनोनं तो काढला, एक टोक एका मुठीला गुंडाळलं, दुसरं दुसरीला, आणि कोर्टवर गेला. मी कॅमेरा सुरू केला. कॅमेऱ्यामागून आता मी त्याचे हात बघतो, चेंडू नंतर.