काळुराम गायकरचा नारळ

काळुराम गायकर थापा मारत नाही, असं म्हणणारा माणूस कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत शोधला तरी मिळायचा नाही. खाडीकाठच्या गोदीपाड्यात त्याच्या घरामागे एक मोठा चिखलाचा खड्डा आहे. तिथे म्हणे महाराजांच्या आरमाराची गोदी होती. म्हणे म्हणजे काळुराम म्हणे. कुठल्याशा जुन्या कागदातही तसं काही आहे, नाही असं नाही, पण डोळ्यांना दिसतात ती तिवरं, चार म्हशी आणि एक पत्र्याचा बोर्ड: 'आरमार स्मारक व उद्यान. काम प्रगतीपथावर.' बोर्ड दोनदा गंजला, तिसऱ्यांदा नवा लागला. काम जागचं हललं नाही.

रविवारी नौपाड्यातून, डोंबिवलीतून माणसं टोप्या घालून इतिहास बघायला यायची. त्यांना फिरवायचं काम काळुरामला कुणी दिलेलं नव्हतं, म्हणून ते त्याने स्वतःच घेतलेलं. लुंगी वर खोचून पुढे व्हायचा. "इथे जहाजं बांधायचे. तिथे शिडं शिवायचे. आणि इथे," म्हशीकडे बोट दाखवून, "तोफा चढवायचे." म्हैस मान वळवून बघायची. कुणी म्हणालं, "काका, पण दिसत तर काहीच नाही!" तर हा गंभीर तोंड करून सांगायचा, "शत्रूला पण दिसायची नाय." आता यावर काय बोलणार, कप्पाळ? लोक म्हशीचा फोटो काढून वडापाव खायला जात.

या थापेला जोडून दुसरी एक होती. गोदीतलं जहाज पाण्यात सोडताना नारळ फोडायचा मान गायकरांच्या घराचा. आजाने सांगितलं, बापाने सांगितलं, काळुराम सांगत राहिला. आणि स्मारकाचं भूमिपूजन निघालं तेव्हा नारळ फोडला कुठल्यातरी पाहुण्याने! काळुराम मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर सरबत पीत बसलेला. त्याला ते इतकं लागलं, की भर मांडवात उठून ओरडला, "गायकराचा नारळ फुटल्याबिगर इथं ईटेवर ईट चढायची नाय!"

आणि गंमत बघा, नाहीच चढली. आधी तिवरं तोडायची परवानगी अडली. मग साहेब बदलले, नवं भूमिपूजन झालं, नवा पाहुणा आला, आणि नकाशाच चुकीचा निघाला. पुढच्या खेपेला ठेकेदार पळाला. खरं सांगायचं तर आपल्याकडे असलं काम अडायला कुणाचा शाप लागत नाही, ते स्वतःच्या गुणांनी अडतं. पण गावाला कोण समजावणार? काळूदादाचा शब्द लागतो, अशी आवई उठली. नाक्यावरचा दगडू सलूनवाला त्याची दाढी फुकटात करू लागला. शेजारची मंदाकिनी तर एकदा हळूच येऊन म्हणाली, "दादा, माझ्या जावेचा वरचा मजला जरा अडवता येईल काय?" काळुराम म्हणाला, बघतो. नेमका गवंडी गावाला गेला आणि मजला रखडला. मग काय विचारता! स्वारीचे पाय जमिनीला लागेनात.

अशात योगिनी आली. स्मारकावर नव्याने नेमलेली इंजिनियर, नौपाड्याची, पायात गमबूट, बोलणं सरळ. काळुरामने तिला गोदी फिरवली. शिडं झाली, तोफा झाल्या, म्हैस झाली. तिने सगळं निमूट ऐकलं आणि म्हणाली, "काका, येत्या गुरुवारी गाळ काढायला सुरुवात करू. पाहुणा नको, मांडव नको. नारळ तुम्हीच फोडा. मान तुमचाच आहे ना?"

जन्मभर मागितलं ते मिळालं आणि माणूस घामाने निथळला. अहो, उघड आहे. पाहुण्याच्या नारळाने काम अडलं तर पाहुणा पनवती. गायकराच्या नारळाने अडलं तर? गेली इज्जत, गेला मान, गेली दाढी.

घरी येऊन त्याने अंथरूण धरलं. बायको गोदा, तिने उभा जन्म या थापांबरोबर संसार केलेला. कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप नाय, काय नाय. भ्यायलेत."

"मी? गायकर भितो?"

"जल्ला तो गायकर! तोंड वाजवाला पुढं नि नारल फोराला मागं! उठा!"

गुरुवारी त्याने नारळांत खोड्या काढल्या. एकाची शेंडी वाकडी. एकात पाणी कमी. एकाचे डोळे म्हणे माझ्याकडेच बघतायत. शेवटी गोदेने हातात नारळ कोंबला, त्याने डोळे मिटून आपटला, आणि एका दणक्यात दोन स्वच्छ वाट्या! टाळ्या पडल्या. गाळ काढायचं मशीन त्याच दुपारी यायचं होतं.

आलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. फोनवर भांडून भांडून योगिनीचा घसा बसला. मशीन दुसऱ्याच कामावर अडकलेलं. इकडे दगडूने दाढीचे पैसे मागितले. लोक रस्त्यात थांबवून विचारत, "काय काळूदादा, नारळ खवट होता वाटतं?" मंदाकिनीच्या जावेने मजला पुरा करून वर पेढे आणून दिले.

काळुराम गप्प झाला. रविवारची मंडळी आली तर दारामागे लपून बसला. मग मात्र गोदेचा जीव कळवळला. घरात हा कोण परका माणूस बसलाय, असं तिला होऊन गेलं. "काय तरी बोला वो," ती म्हणाली. "खोटं बोला, पन बोला."

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्यावर फावडं-घमेलं उचललं आणि सरळ खड्ड्यात उतरला. योगिनी धावत आली. "काका, काय करताय?"

"मशीन नाय येत तर न येवो. माझा नारळ फुकट जाऊ देणार नाय."

योगिनी म्हणाली, "मी दाखवीन तिथेच खणायचं, आणि हळू." आणि स्वतः घमेलं धरलं. मागोमाग पदर खोचून गोदा उतरली. दगडू काठावर हसायला म्हणून आला होता, पण गोदावहिनी चिखल वाहतेय आणि आपण उभे, हे काही त्याला बरं दिसेना. असं करत करत अर्धा पाडा आत आला. बापजाद्यांनी मिठागरात चिखलच उपसलेला. अंगात होतं ते बाहेर आलं. शिव्या, गाणी, चहा, सगळं खड्ड्यातच.

काही दिवसांनी काळुरामचं फावडं खणकन वाजलं. खाली दगड. शेजारी दुसरा, त्याला घट्ट जोडून तिसरा, घडीव, गुळगुळीत, आणि सगळे मिळून खाडीकडे उतरत गेलेले. योगिनी चिखलात मटकन बसलीच. "काका, ही उतरण आहे! इथूनच जहाजं पाण्यात सोडत असणार!"

काळुराम उकिडवा बसला, दोन्ही तळवे दगडावर टेकले, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

गोदा घाबरली. "अवो, काय झालं?"

त्याने तिला जवळ ओढलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं कानात म्हणाला, "गोदे, गोदी खरंच होती गो."

"म्हंजे? तुमाला ठावूक नव्हतं?"

"मना कसं ठावूक असल?" काळुराम हुंदका देत म्हणाला. "मना वाटलं, बाप थापा मारतो. म्हनून मी पन मारल्या."