सासऱ्यांच्या पिसवा

माझे सासरे हा मी पाहिलेला सगळ्यांत निरुपद्रवी माणूस, आणि त्यांच्या निरुपद्रवीपणाचा जेवढा उपद्रव मला झाला, तेवढा कुठल्याही भांडखोर माणसाचा झाला नाही. मालेगावात, वाशीमच्या रस्त्याला लागून त्यांचं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे तीन खोल्या आणि बोळ ओलांडला की पोत्यांनी भरलेलं गोदाम. आम्ही जैन. म्हणजे मीही जैनच, पण अमरावतीच्या खाणावळीत बटाट्याची भाजी खाऊन वाढलेला. ते मात्र आतून-बाहेरून जैन. पाणी फडक्यातून गाळून घेणं हे आमच्यात सगळेच करतात. सासरे गाळून झालं की ते फडकं उलटं धरून, त्यावरचे डोळ्यांना न दिसणारे जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडून येत. कधी दोन विहिरींचं पाणी घरात आलं तर कुठलं फडकं कुठल्या विहिरीचं हे ते नीट लक्षात ठेवत. एकदा गडबडीत चुकीच्या विहिरीवर गेले आणि दिवसभर त्यांचं दुकानात लक्ष नव्हतं. आपल्याला कुणी भलत्याच गावी उतरवून दिलं तर कसं वाटेल, असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं.

दुकानाच्या पाटीमागे गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं, म्हणून त्या बाजूची फळी कित्येक महिने काढलीच गेली नव्हती आणि गिऱ्हाइकं अर्ध्या दारातून वाकून आत येत. घराघरांत औषध मारणारे सरकारी फवारणीवाले आले की सासरे त्यांना ओट्यावर बसवून चहा देत, पाणी देत, घरच्यांची विचारपूस करत, इतकी की त्यांनाच वेळेचं भान येई आणि ते पुढच्या घरी जात. डास चावला तर हात हलवून त्याला "जाय बाप्पा आता" म्हणत. झालं का पोट भरून, असा एकंदर सूर असे.

आमच्या लग्नाआधीच सासूबाई गेल्या होत्या. सुनंदा, म्हणजे माझी बायको, ही एकुलती एक. वर्षभर सासरे त्या तीन खोल्यांत एकटे राहत आणि दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहत. आम्ही अमुक दिवशी येतो असं कळवलं तर आदल्या दिवसापासूनच एसटी स्टँडवर जाऊन बसत. काय सांगावं, पोरीला लवकर यावंसं वाटलं तर? सुनंदा उतरली की तिच्या हातातली पिशवी घेत आणि पुढे चालू लागत. मात्र त्यांची ती चाल त्या दिवसापुरती वेगळी असे, हे मला दोन-तीन दिवाळ्यांनंतर कळलं.

मी सांगतोय ती दिवाळी एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची. आमची मुलगी नुकती रांगायला लागली होती. घरी पोचलो तर गादीवर एक कुत्रा बसलेला. पिवळट रंगाचा, एक कान कायमचा मुडपलेला, आणि गल्ल्याच्या बाजूला टेकून असा बसलेला की मी आधी त्यालाच नमस्कार करणार होतो. पावसाळ्यात कधीतरी तो ढेपेच्या वासानं आला आणि राहिला. शेजारी शिवणकाम करणारे चाचा होते, त्यांनी त्याचं नाव शेठ ठेवलं. सासऱ्यांनी त्याला एकेरी हाक मारणं शक्यच नव्हतं. ते त्याला शेठजी म्हणत, आणि त्याला गादीवरून उठवायचं झालं तर "जरा सरकता का" असं विचारून स्वतः पोत्यावर जाऊन बसत.

शेठजी एकटे आले नव्हते. त्यांच्या अंगावर पिसवांचं जे गणगोत होतं, त्याची ओळख आम्हाला पहिल्याच रात्री झाली. जावई म्हणून घरातली सगळ्यांत जाड गादी मला मिळाली होती आणि ती मधल्या खोलीत घातली होती, जिथे शेठजी दुपारी वामकुक्षी घेत. सकाळी मी पोटऱ्या खाजवत उठलो. सुनंदाच्या कमरेभोवती लाल माळ उमटली होती. मुलीच्या पायांवर, पाठीवर, मानेच्या वळ्यांत गांधी उठल्या होत्या आणि ती रडून रडून थकली होती. शेणानं सारवलेली जमीन, भिंतीच्या कडेच्या भेगा, दिवाळीसाठी बाहेर काढलेल्या सतरंज्या, सगळीकडे त्या होत्या. चहाच्या बशीतसुद्धा एक पोहत होती. सासऱ्यांनी तिला बोटाच्या टोकावर घेऊन कोरडं केलं.

चाचांनी कुंपणावरून उपाय सांगितला. औषधाच्या दुकानातून पांढरी पावडर आणायची, कुत्र्याला चोळायची, खोल्यांत भुरभुरायची, दुसऱ्या दिवशी झाडून टाकायचं. सासऱ्यांनी तो शांतपणे ऐकला आणि चाचांच्या मुलाच्या तब्येतीची चौकशी केली. मग त्यांनी स्वतःचा उपाय सुरू केला. बारीक दातांची लाकडी फणी घेतली आणि शेठजींना ओट्यावर उन्हात आडवं करून विंचरायला बसले. पिसू फणीत आली की हळूच आगपेटीत. आगपेटीत आधीच कापूस घालून ठेवला होता, त्यांना आदळायला नको म्हणून. दुकानात आलेली माणसं सरकीचा भाव विचारत आणि हे "एक मिनिट" म्हणून फणीकडे बघत राहत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आगपेटी घेऊन ते गावाबाहेर निघाले. मीही बरोबर गेलो, कारण घरात बसून खाजवण्यापेक्षा ते बरं. कपाशीच्या शेतांपाशी, बोंडं फुटून पांढरी झाली होती तिथे, बांधावर ते थांबले. आगपेटी अर्धी उघडली. आत बघितलं. शेताकडे बघितलं. मग पुन्हा बंद केली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

मी विचारलं, काय झालं?

"अठी त्याइले खायले काय भेटन?" ते म्हणाले. "कपाशी तं खात नाईत त्या. उपाशी सोडून देनं म्हंजे मारनंच झालं ना, जावईबापू."

आणि आम्ही त्या पिसवा घेऊन परत आलो. ज्यांना घालवायला गेलो त्यांना हवापालट करून घरी आणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. वाटेत ते चिंतेत होते. शेठजींना दुसऱ्या कुणाकडे ठेवावं हाही विचार त्यांनी करून पाहिला होता. पण मग तिथल्या माणसांना चावणार, म्हणजे आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात टाकल्यासारखं. हाकलून द्यावं, तर तो कुठे जाणार? त्यांनी प्रत्येक वाट शेवटापर्यंत चालून बघितली होती आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी कुणीतरी उपाशी किंवा मेलेलं होतं.

घरी सुनंदा बॅग भरत होती. मुलीला बारीक तापही आला होता. उद्या देवळात महावीरांचा निर्वाणलाडू, परवा पाडवा, पण ती सकाळच्या गाडीनं अमरावतीला जाणार होती. ती वडिलांवर ओरडली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, आणि ती शांतपणे बोलते तेव्हा मी मधे पडत नाही.

"बाबा, शेठ राहीन नाई तं आमी राहू. तुमी सांगा. आनि ह्या वर्षी गेली तं पुढच्या वर्षी लेकराले घेऊन अठी येनं माह्यानं व्हनार नाई."

सासरे दारात उभे होते. त्यांनी नातीच्या पायांकडे बघितलं, मग उन्हात पसरलेल्या शेठजींकडे. वर्षभर ज्या दिवसांची वाट बघायची ते दिवस बॅगेत घड्या घालून चालले होते. फक्त म्हणाले, आजची रात थांब.

आमच्यात जेवण दिवस मावळायच्या आत होतं. जेवणं झाली, आणि सासरे स्वच्छ पांढरं धोतर नेसून मधल्या खोलीत आले. शेठजींना त्यांनी आधीच गोदामात नेऊन ठेवलं होतं. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. खोलीच्या मध्यभागी, अनवाणी, हात सरळ खाली सोडून ते उभे राहिले आणि डोळे मिटले. आमच्या धर्मात याला कायोत्सर्ग म्हणतात; देह आपला नाही असं समजून उभं राहायचं, काही झालं तरी हलायचं नाही. देवळात लोक ते घडीभर करतात. सासऱ्यांनी ते पिसवांसाठी केलं.

मी दारातून बघत होतो. आधी काही दिसलं नाही. मग पांढऱ्या धोतरावर एक ठिपका आला, मग चार, मग मोजण्याच्या पलीकडे. भेगांतून, सतरंजीखालून, कोपऱ्यातून त्या घरातलं एकमेव ऊबदार, न हलणारं अंग शोधत येत होत्या. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त पायाची बोटं अधूनमधून आखडत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, धोतर जपून सावरलं आणि कुणाला धक्का लागणार नाही अशा बेतानं बोळ ओलांडून गोदामात गेले. त्यांना शेठजींपाशी सोडून थोड्या वेळानं परत आले, ते दुसऱ्या खोलीत उभे राहायला. मग तिसऱ्या. पाहुण्यांना एकेक करून मुक्कामाला पोचवावं तसं चाललं होतं. शेवटी स्वतःही तिकडेच, सरकीच्या पोत्यांवर, शेठजींच्या शेजारी आडवे झाले.

मुलगी त्या रात्री झोपली.

सकाळी सुनंदा चहा घेऊन गोदामात गेली आणि बराच वेळ परत आली नाही, म्हणून मी गेलो. सासरे पोत्यावर बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत सरकलं होतं आणि खाली चावलं नाही अशी एक बोटभर जागा नव्हती. सुनंदा चहाचा पेला हातात धरून तशीच उभी होती. ती रडत होती आणि रागावलीही होती.

"काहून असं करून राह्यले तुमी? अंग आहे का काय आहे? मी गेली असती तं काय झालं असतं?"

सासऱ्यांनी धोतर खाली ओढलं. आयुष्यात कधी स्वतःबद्दल चार शब्द न बोललेला माणूस, तो त्या दिवशी बोलला.

"तू गेली का घर खायले उठते, बाई," ते म्हणाले. "तुही माय गेल्यापासून रोजच उठते. पिसवा त्यापरीस बऱ्या. त्याइचं पोट तरी भरते."

सुनंदानं पेला त्यांच्या हातात दिला. मग ती घरात आली आणि बॅगेतले कपडे काढून फळीवर लावू लागली. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, तुम्ही आपले देवळात जा, लाडूची वेळ झाली. आम्ही त्या वर्षी भाऊबीज उलटेपर्यंत राहिलो. सासरे रोज संध्याकाळी खोल्यांतून उभे राहत, आणि सुनंदा रोज सकाळी त्यांच्या पायांना कडुलिंबाचं तेल लावत असे. तेल पिसवांना बाधणार तर नाही ना, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली. तिनं बाधणार नाही म्हणून सांगितलं. तेल लावताना दोघं फार बोलत नसत. पण दुकान उघडायला उशीर होत असे आणि गिऱ्हाइकं ओट्यावर शेठजींपाशी बसून राहत.

त्यानंतर आम्ही दर दिवाळीला गेलो. पिसवा होत्याच, पण बेताच्या. मुलगी मोठी झाली तशी आजोबांशेजारी डोळे मिटून उभी राहायची आणि लगेच हसायला लागायची, मग सासरेही हसायचे आणि पिसवा पळायच्या. मला वाटतं त्यांच्या साऱ्या तपश्चर्येत तेवढाच एक भंग असेल, आणि तो त्यांना फार आवडत असे.

सासरे गेले ते हिवाळ्यात, झोपेत, कुणाला उठवावं न लागता. सगळं आवरून झाल्यावर घर आणि गोदाम भाड्यानं द्यायचं ठरलं. प्रश्न उरला शेठजींचा. ते म्हातारे झाले होते, गादीवरून उतरायलाही त्यांना आधार लागे. चाचा म्हणाले, मी खायला घालीन, अंगणात राहील. सुनंदानं त्यांचे आभार मानले आणि नको म्हणाली. सरकीचा एक ट्रक अमरावतीकडे निघाला होता, त्यातून आम्ही चौघं आलो. मुलगी पुढे, आणि आम्ही दोघं शेठजींना मधे धरून मागे पोत्यांवर.

आठवड्याभरात माझ्या पोटऱ्यांवर ओळखीच्या गांधी उठल्या. आमच्या दोन खोल्या, वर घरमालक, शेजारी लहान मुलं असलेलं बिऱ्हाड. मी बाजारातून पावडरीचा डबा घेऊन आलो. सुनंदा जमिनीवर बसून शेठजींना फणीनं विंचरत होती. तिनं डब्याकडे बघितलं. मला वाटलं आता धर्माबद्दल काही म्हणेल, आणि मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "बाबाच्या रक्तावर वाढल्या ह्या. माह्या माहेराहून आता एवढंच कोनी आलं आहे."

मी डबा दुकानात परत देऊन आलो.