तीसवर थांबलेली मोजणी

शेजारच्या टेपमावशींच्या गळ्यात टेप नाही, असं मी एकदाच पाहिलं आणि तेही हॉस्पिटलच्या खाटेवर. एरवी त्या भाजी आणायला निघाल्या तरी मापाची ती पिवळी फीत गळ्यात असायचीच. "चष्मा विसरेन, पण ही नाही," म्हणायच्या. खरं नाव फक्त त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर होतं.

मावशी सातवीपर्यंत शिकल्या आणि पुढे चौतीस वर्षं गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापत राहिल्या. तिथे एकेक कोट कापत नाहीत. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस-पन्नास थर एकावर एक पसरायचे, सगळ्यात वरच्यावर खडूने आखायचं आणि विजेच्या कात्रीने सगळे एका दमात कापायचे. एक थर उलटा पडला तर तो कोट चिंध्यांत. म्हणून थर पडला की कापणारीने आकडा पुकारायचा. पण शेजारी साठ शिलाई मशीनं खडखडत असतात. बोललेला आकडा दोन हातांवर विरतो, गायलेला भिंतीपर्यंत पोचतो. म्हणून तिथे आकडे गातात. प्रत्येक मापाची चाल वेगळी. लहान मापाची टुणटुण उड्या मारणारी, सर्वांत मोठ्या मापाची पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखी जड. टोकाला गठ्ठे बांधणाऱ्या बायकांना मान वर न करता कळतं, आता कुठलं माप चाललंय. नियम एकच : थर नीट पडल्याशिवाय आकडा पुढे सरकायचा नाही. कापणारी तोच आकडा पुन्हा गाते.

टेबलाच्या एका टोकाला थर पसरायला मावशींची नणंद असायची. लग्न न केलेली, त्यांच्याच घरात राहणारी. तीही मावशींच्या सुरात सूर मिसळायची, पण एकोणतीस झाले की तिला दम लागायचा आणि दम घेतला की ती थेट एकतीसवर उतरायची. वर्षानुवर्षं!

"अहो वन्सं, तिसावा काय माहेरी ठेवून आलात?"

"माहेरीच तर राहते मी, वहिनी. घरी गेल्यावर शोधू."

हा संवाद मी आमच्या मधल्या भिंतीतूनही ऐकलाय, कारण घरी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालतानाही दोघी मोजायच्या.

मावशींचा माझ्यावर एक उपकार आहे. माझी लेक साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. मी तीन डॉक्टर केले, पुस्तकं पालथी घातली, रात्र-रात्र जागले. मावशींनी तिच्यापुढे बटणांचा डबा ओतला. लेकीने मोठी एकीकडे लावली, लहान दुसरीकडे, मग दोन-दोनच्या जोड्या. मावशींनी फरशीवर बोटांनी ठेका धरला, तिने तसाच्या तसा परत दिला. "बघ," मावशी म्हणाल्या, "मोजतेय, ठेका धरतेय. बोलणं जाईल कुठे? सगळं आतच असतं गं माणसाच्या. हिला दार तेवढं सापडायचंय." चार महिन्यांनी लेकीला दार सापडलं. आता ती नऊ वर्षांची आहे आणि 'जरा गप्प बस' हे वाक्य आमच्या घरात दिवसातून वीस वेळा होतं.

आणि गेल्या वर्षी मावशींचंच दार बंद झालं. मेंदूत गुठळी झाली. उजवा हात महिन्याभरात कामाला लागला, पण वाचा आली नाही. समजायचं सगळं. विनोदावर हसायच्या, नणंदेने मीठ जास्त टाकलं की डोळे वटारायच्या. तोंडातून मात्र "ते... ते..." एवढंच.

कारखान्याचे मालक भेटायला आले. भला माणूस. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मावशी, तुमचं टेबल दोन महिने कुणाला देत नाही. पण ज्याच्या तोंडाकडे बघून चाळीस थर पडतात, त्यानेच गप्प राहून कसं चालेल? मी समजून घेईन हो. कापड समजून घेत नाही." मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चौतीस वर्षं त्या टेबलाच्या मधोमध उभ्या राहिलेल्या बाईला घरात कुठे उभं राहावं तेही कळेनासं झालं होतं.

मी शिकलेली, त्यामुळे चूकही शिकलेल्या बाईचीच केली. चित्रांची कार्डं बनवली. "हा कप. म्हणा मावशी, कप." त्यांच्या कपाळावर घाम यायचा, ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. आठव्या दिवशी त्यांनी सगळी कार्डं हाताने जमिनीवर लोटली.

"जी बाई पन्नास थर कापते तिला तू कप शिकवतेस होय?" नणंद मला म्हणाली. मग कार्डं गोळा करता करता हळूच म्हणाली, "जन्मभर हिने मला बोलू दिलं नाही. आता मी दिवसभर बोलते, तर टोमणा मारायला कुणी नाही."

मी उठले आणि निदान हातभार लावावा म्हणून वाळलेल्या चादरींचं एक टोक धरलं. दुसरं नणंदेने धरलं. तिचं तोंड सवयीने सुरू झालं, मधल्या मापाच्या चालीत. चादरी संपल्या, टॉवेल आले, मग रुमाल. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, दम, "एकतीस..."

"तीस!"

खुर्चीतून आला आवाज. खणखणीत, सुरात. नणंदेच्या हातातला रुमाल तसाच राहिला. मावशींनी स्वतःच तोंडावर हात ठेवला, जणू दुसरंच कुणी बोललं. मग हात काढून पुढे गायल्या : एकतीस, बत्तीस, तेहतीस. रुमाल संपले तरी थांबेनात. मी धुतलेलं पायपुसणंसुद्धा घडी घालायला घेतलं.

त्या संध्याकाळी मला मावशींचं 'सगळं आतच असतं' हे जुनं वाक्य नीट कळलं. शाळेच्या वेळापत्रकात भाषा, गणित आणि संगीत यांना तीन वेगळे तास असतात, म्हणून आपल्याला वाटतं की ही तीन वेगळ्या माणसांची कामं आहेत. 'मला गणित जमत नाही' म्हणणारी बाई डोळ्यांनी मापून उरलेली भाजी बरोबर त्याच मापाच्या डब्यात काढते. 'मी बेसूर' म्हणणारा बाप रडत्या बाळाला अचूक लयीत डोलवतो. तिन्ही प्रत्येकाला जन्मतःच मिळतात आणि तिन्ही एकाच घरात राहतात. एकीचं दार लागलं तर दुसरीच्या खोलीतून आत जाता येतं. याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही, आणि मी शंका काढण्यात पटाईत बाई आहे.

दोन महिने संपले त्या गुरुवारी मी अर्धी रजा टाकून मावशींबरोबर गेले. दवाखान्याच्या कोटांचं हिरवं कापड होतं, सर्वांत मोठं माप, चाळीस थर. मालक भिंतीला टेकून उभे. मावशी टेबलाच्या मध्यावर, गळ्यात टेप. पहिला थर पडला आणि ती जड चाल सुरू झाली. गठ्ठे बांधणाऱ्या बायकांनी मान वर न करता मोठ्या मापाच्या चिठ्ठ्या काढल्या. दहा, वीस, एकोणतीस, दम. आज नणंदेने तीसही बरोबर म्हटलं. कापडाचा पहिला तागा तिथेच संपला, दुसरा लावला, थर पडला.

"एकतीस," नणंद गायली.

"तीस," मावशी गायल्या.

नणंद थबकली. "एकतीस, वहिनी."

"तीस."

मालकांनी मान खाली घातली. अशा आजारात माणूस एका शब्दावर अडकतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणखी एकदा, त्याच सुरात, जराही न डगमगता : "तीस."

"थांबा सगळे," नणंद म्हणाली. "ही अडकलेली नाही. हिने अडवलंय." तिने वाकून कापडावर तळहात फिरवला. मालकही आले, त्यांनी कोपरा उचलून उजेडात धरला. कापडाची चकचकीत बाजू खाली होती. नवा तागा उलटा लागला होता. पुढचे नऊही थर तसेच पडले असते.

"तिसावा चुकवायची मी," नणंद म्हणाली, "आणि आज जगाला तीस शिकवतेय ही."

मालकांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारपासून या, मावशी."

मावशींनी नकारार्थी मान हलवली. टेबलावरच्या तीस थरांकडे बोट केलं. ओठ दोनदा हलले, पण शब्द येईना. मग त्यांनी डोळे मिटले, त्याच जड चालीची एक ओळ गुणगुणली आणि शेवटी, जिथे आकडा यायचा तिथे, दुसराच शब्द ठेवला : "आजच."

उलटा थर उचलून सुलटा घातला गेला. मावशींनी टेप सारखी केली आणि मगच गायल्या, "एकतीस." मी चाळीसपर्यंत उभी राहिले. घरी आल्यावर लेकीने दारातच विचारलं, "बोलल्या मावशी?"

"बोलल्या," मी म्हटलं. "मोठ्या मापाच्या चालीत."