सुपाचं माप

त्याने सुपावर गुडघा ठेवला.

माझ्या डोळ्यांदेखत. मुलुंडला बाजारातलं कुरियरचं दुकान. खोक्यात माझं सूप, सुपावर कुरियरवाल्या पोराचा गुडघा, आणि तो दाबतोय. कामटी कडकन मोडली. बांबू मोडल्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखते.

"अरे, काय करतोस?"

"मावशी, तुझ्याच फायद्याचं. खोकं चपटं झालं की पैसे कमी लागतील."

मागे लाईनीत एक बाई उभी होती. टॉवरातली, पाचव्या माळ्यावरची. दर गौरीला माझ्याकडनं सुपं घेते. ती बोलली, "तू दाब रे. तिला काय कळतंय त्यातलं? बांबूचा कचरा तो."

दुकानातली माणसं हसली.

कचरा. ते सूप माझ्या नातीच्या पोरीसाठी होतं. नात बेंगलोरला असते, तिथेच बाळंत झाली. आम्ही बुरूड. बारशाच्या आधी पोर सुपात निजवतात. मी निजले, माझी लेक निजली, नात निजली. आता दिसत नाय नीट, तरी विणलं. बांबूची सल बोटात गेली, सुईनं काढली, परत विणायला बसले.

वाण्याकडनं मोठं खोकं मागून आणलं, सुपाला धक्का लागू नये म्हणून. मेथीचे लाडू केले होते, ते घातले नाय. वजन वाढंल म्हणून. मला काय ठाऊक? बाजारात सगळं वजनावर, तसंच हे पण असंल. काट्यावर ठेवलं तर काटा हलला न हलला. मी खूश. मग त्याने टेप काढली. लांबी, रुंदी, उंची. आणि भलतेच पैसे सांगितले. मी बोलले, "अरे, पिसासारखं तर हाय!" तेव्हा त्याने गुडघा ठेवला.

मी त्याचा हात धरला. "ऊठ आधी. आणि मला समजंल असं सांग."

तो चिडला. "मावशी, हलकं असलं तरी खोकं गाडीत जागा अडवतं ना? तेवढ्या जागेत दुसऱ्याचा माल गेला असता. म्हणून माल हलका आणि खोकं मोठं असलं, की मापावर पैसे. समजलं?"

समजलं. एकदम समजलं. जागेचा हिशोब मला नवा नव्हता.

आई डोक्यावर सुपं घेऊन फिरायची, मी तिच्या मागे. जिन्यात कोण आलं की आई भिंतीला चिकटायची. मला बोलायची, "अंग चोर गं." उंबऱ्याशी बसायचं नाय, खालच्या पायरीला बसायचं. सूप जमिनीवर ठेवायचं. घरची बाई त्यावर पाणी शिंपडायची, मग उचलायची. पैसे वरून टाकायची. आणि त्याच सुपात तिचं पोर निजायचं.

आईमागे मी पण तेच केलं. ह्या बाईकडे पण. टोपली लिफ्टमध्ये जागा अडवते म्हणून वॉचमन मला जिन्यानं पाठवायचा. पाच माळे. गुडघे गेले माझे. जन्मभर मला असंच दाबून चपटं केलं. आणि वर सांगितलं, तुझ्याच फायद्याचं.

"बाजूला हो ना गं," बाई बोलली. "लोकं थांबलीत."

मी नाय झाले. काउंटरच्या मधोमध उभी राहिले. सूप बाहेर काढलं. मोडलेलं सूप पोराला देत नाय. त्याला बोलले, "दुसरं विणून आणते. पुरं माप लाव, पुरे पैसे घे, पुरी जागा दे. हात लावून दाबलंस तर बघ."

मग बाईकडे वळले. "ताई, सून यंदा पहिल्यांदा गौरीला सुपांनी ओवसणार ना? सुपं पाहिजेत?"

"हो, पाच. मग?"

"लिफ्टनं येणार. घरात बसणार. हातात देणार. पाणी शिंपडायचं नाय."

बाईनं मला वरून खाली बघितलं. मग बोलली, "जास्त शहाणी झालीस गं. प्लॅस्टिकची मिळतात हल्ली."

"घ्या," मी बोलले. "सुनेला सांगा, गौर प्लॅस्टिकात ओवस."

ह्या वेळेला कोण हसलं नाय.

दुसरं सूप विणलं, पाठवलं. पण बारसं होऊन गेल्यावर पोचलं. पोर सुपात निजली नाय ती नायच. नात फोनवर बोलली, "आजी, भिंतीवर लावते, छान दिसेल." मी बोलले, "लावू नकोस. तांदूळ पाखड त्यात."

त्या टॉवरातनं यंदा एक फोन नाय. बाईनं सगळ्या माळ्यांवर सांगितलं असणार. सुपं भिंतीला टेकून उभी हायत. गौरीच्या कमाईवर माझे चार महिने निघतात; नाय विकली गेली तर ते कसे काढायचे, मला माहीत नाय.

दाराच्या मधोमध बसून विणते मी आता. ज्याला सूप पाहिजे त्याने यावं. माझ्या बाजूला बसावं, माझ्या हातातनं घ्यावं. पाण्याचा तांब्या घेऊन आला, तर आल्या पावली परत.